कॉर्ड ब्लड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती परत येताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाळेतल्या रक्ताचं (कॉर्ड ब्लडचं) प्रत्यारोपण झालेले रुग्ण, त्यांच्या घरची माणसं आणि त्यांची काळजी घेणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी हे पान आहे. इथले आकडे समज यावी म्हणून दिले आहेत. औषध सुरू करणं, थांबवणं किंवा डोस बदलणं हे तुमच्या प्रत्यारोपण पथकाशी बोलूनच करा.

काउंट वर आले, डिस्चार्जही मिळाला. म्हणजे आता प्रतिकारशक्ती आली ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. ‘काउंट आले’ म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस प्रति मायक्रोलिटर ५००च्या वर राहिल्या. त्या जिवाणू आणि बुरशीशी पहिला सामना करतात. पण विषाणू ओळखणं, त्याची आठवण ठेवणं, लसीला प्रतिसाद देणं ही कामं लिम्फोसाइट्सची, त्यातही टी-पेशींची. त्या सावकाश येतात. कॉर्ड ब्लडमध्ये न्यूट्रोफिल यायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात आणि टी-पेशी पुरेशा व्हायला सहा महिने ते वर्ष, मोठ्या माणसांत त्याहूनही जास्त. या मधल्या काळात सीबीसीचा कागद छान दिसतो, रुग्ण हिंडता-फिरता असतो आणि तरीही साधा विषाणू जिवावर बेतू शकतो. पुढची बहुतेक उत्तरं या मधल्या काळाबद्दलच आहेत.

नाळेच्या रक्तात असं काय वेगळं असतं?

दोन गोष्टी: पेशी थोड्या असतात आणि त्या अननुभवी असतात.

आधी संख्या. एका युनिटमधून रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी आणि सुमारे दीड लाख सीडी३४ (नवं रक्त तयार करणाऱ्या) मूळपेशी मिळाव्यात, असा सर्वसाधारण निकष आहे. समजा युनिटमध्ये १२० कोटी पेशी आहेत. १५ किलोच्या मुलाला ते किलोमागे ८ कोटी पडतात, म्हणजे भरपूर. तेच युनिट ६० किलोच्या माणसाला किलोमागे २ कोटीच पडतं, म्हणजे अपुरं. शिवाय गोठवलेलं युनिट वितळवताना काही पेशी मरतात, ती घट वेगळीच. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणात साधारण दहापट पेशी मिळतात, म्हणून तिथे काउंट लवकर येतात.

आता अनुभव. मोठ्या दात्याच्या टी-पेशींनी आयुष्यात कांजिण्या, सीएमव्ही, ईबीव्ही असे कितीतरी विषाणू पाहिलेले असतात आणि ती आठवण प्रत्यारोपणासोबत रुग्णाला मिळते. नवजात बाळाच्या टी-पेशींनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं. याचा फायदाही आहे: एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) पूर्ण जुळलं नाही तरी त्या पेशी सांभाळून घेतात आणि दीर्घकालीन जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला) तुलनेने कमी होतो. जगातलं पहिलं कॉर्ड ब्लड प्रत्यारोपण ऑक्टोबर १९८८मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांच्या पथकाने केलं. फॅन्कोनी ॲनिमिया असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त दिलं होतं. ते यशस्वी झालं आणि हा मार्ग खुला झाला.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. इथला दाता एक बाळ असतं आणि त्याचं रक्त एकदाच मिळतं. पुढे विषाणू उसळला किंवा आजार उलटला तर ‘दात्याच्या आणखी पेशी द्या’ हा पर्याय उरत नाही.

कोणत्या पेशी कोणत्या क्रमाने येतात?

न्यूट्रोफिलनंतर एनके पेशी (विषाणू शिरलेल्या पेशी मारणारे लिम्फोसाइट्स) येतात. एक-दोन महिन्यांत त्यांची संख्या सर्वसाधारण होते आणि सुरुवातीला लिम्फोसाइट्समध्ये त्यांचाच भरणा जास्त असतो. प्लेटलेट्स मात्र रेंगाळतात. बाहेरून न देता २०,०००च्या वर टिकायला दीड-दोन महिने लागणं कॉर्ड ब्लडमध्ये नवीन नाही.

बी-पेशी तीन ते सहा महिन्यांत दिसू लागतात आणि वर्षाच्या आत कधीकधी नेहमीपेक्षाही जास्त होतात. पण संख्या झाली म्हणजे काम सुरू झालं असं नाही. चांगली प्रतिपिंडं बनवायला बी-पेशींना टी-पेशींची मदत लागते आणि आठवण ठेवणाऱ्या बी-पेशी तयार व्हायला एक-दोन वर्षं जातात.

टी-पेशी सगळ्यात शेवटी येतात.

टी-पेशींनाच इतका वेळ का लागतो?

त्या दोन वाटांनी येतात. पहिली वाट जवळची: युनिटसोबत आलेल्या थोड्या टी-पेशी शरीरात विभागून वाढतात. पण मूळच्याच मोजक्या असल्याने त्यांची विविधता मर्यादित राहते. दुसरी वाट खरी आणि लांबची: मूळपेशींपासून नवे अंकुर निघतात, ते छातीतल्या थायमस ग्रंथीत जातात, तिथे पारखले जातात आणि पास झालेल्याच पेशी रक्तात उतरतात. या वाटेला महिने लागतात.

थायमस लहानपणी मोठी असते आणि वयाबरोबर चरबीत बदलत जाते. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाचे आणि पन्नाशीतल्या माणसाचे आकडे एका मापाने मोजू नयेत. त्यात प्रत्यारोपणाआधीची केमो आणि रेडिएशन, नंतरचा जीव्हीएचडी आणि त्यासाठी दिलेले स्टेरॉइड या तिन्हींनी थायमसला मार बसतो. दिलासा एवढाच की थायमस एकदा सावरली की कॉर्ड ब्लडच्या रुग्णांत वर्षभरानंतर नव्या टी-पेशींचं उत्पादन चांगलं होतं, मुलांत तर विशेष.

एटीजी दिल्यामुळे उशीर झाला असं डॉक्टर म्हणाले. ते कसं?

एटीजी हे टी-पेशी मारणारं औषध आहे. ग्राफ्ट (दात्याच्या दिलेल्या पेशी) नाकारला जाऊ नये आणि जीव्हीएचडी कमी व्हावा म्हणून ते प्रत्यारोपणाआधी देतात. पण ते आठवडाभरात शरीरातून जात नाही. नवं रक्त चढवलं त्या दिवशी जे एटीजी शिल्लक असतं, ते नव्या टी-पेशींनाही मारतं. कॉर्ड ब्लडमध्ये टी-पेशी मुळातच थोड्या, म्हणून हा फटका जास्त बसतो. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या गटाने मुलांमध्ये हे नीट दाखवून दिलं: प्रत्यारोपणानंतर एटीजीचा शरीरातला साठा जितका जास्त, तितकी सीडी४ पेशींची (टी-पेशींच्या एका मुख्य प्रकाराची) वाढ संथ. म्हणून आता बरीच केंद्रं एटीजी लवकर देऊन संपवतात, वजन आणि लिम्फोसाइट काउंट पाहून डोस ठरवतात, किंवा देतच नाहीत. जपानमध्ये दरवर्षी हजाराहून जास्त कॉर्ड ब्लड प्रत्यारोपणं होतात आणि तिथे एटीजी सहसा वापरत नाहीत. मात्र एटीजी न दिल्यास सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, पुरळ, वजन वाढणं अशी लक्षणं आणि जीव्हीएचडी जास्त दिसतात. त्यामुळे ‘एटीजी वाईट’ असं सरसकट म्हणता येत नाही.

काउंटच आले नाहीत तर?

तीन-चार आठवडे वाट पाहणं ठीक आहे. ४२व्या दिवसापर्यंत न्यूट्रोफिल ५०० झाले नाहीत तर ग्राफ्ट लागला नाही असं धरतात, पण तपासणी त्याच्या आधीच सुरू होते: मज्जेचा नमुना आणि कायमेरिझम, म्हणजे रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के आहेत ते. कारणं बहुधा यांतली असतात: पेशींचा डोस कमी, युनिटच्या एचएलएविरुद्ध रुग्णाच्या रक्तात आधीपासून प्रतिपिंडं, एचएचव्ही-६सारखा विषाणू, किंवा काउंट दाबणारी औषधं. प्रतिपिंडांची चाचणी युनिट निवडण्यापूर्वीच झाली पाहिजे. नंतर कळून उपयोग नसतो.

सीडी४ किती झाल्यावर निर्धास्त व्हायचं?

दोन टप्पे लक्षात ठेवा. पहिल्या १०० दिवसांत सीडी४ प्रति मायक्रोलिटर ५०च्या वर, तेही लागोपाठच्या दोन तपासण्यांत. हा टप्पा गाठणाऱ्या मुलांचं पुढचं आयुष्यमान चांगलं असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. दुसरा टप्पा २००चा. त्यानंतर न्यूमोसिस्टिसचं (फुप्फुसाच्या एका बुरशी-संसर्गाचं) प्रतिबंधक औषध थांबवण्याचा विचार होतो. कॉर्ड ब्लडमध्ये २००पर्यंत पोहोचायला बहुतेकांना सहा ते नऊ महिने लागतात.

लहान मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी. निरोगी तान्ह्या बाळाचं सीडी४ दीड हजाराच्या पुढे असतं. म्हणून एका वर्षाच्या बाळाचं ४०० हे प्रौढांच्या तक्त्यात बरं वाटलं तरी त्याच्या वयाला कमीच आहे. रिपोर्टवर वयानुसार संदर्भमूल्यं छापलेली नसतील तर लॅबकडे मागा.

ही तपासणी कशी करतात आणि रिपोर्ट कुठे चुकतो?

जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये दोन-तीन मिली रक्त घेतात आणि फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी प्रकारानुसार मोजणाऱ्या यंत्रावर) सीडी३ (सगळ्या टी-पेशी), सीडी४ आणि सीडी८ (त्यांचे दोन प्रकार), सीडी१९ (बी-पेशी) आणि सीडी१६/५६ (एनके पेशी) मोजतात. सीडी४५आरए जोडलं तर नव्या, थायमसमधून आलेल्या पेशींचा अंदाज येतो. सुरुवातीला महिन्याने, मग तीन महिन्यांनी, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो.

चुका नेहमीच्याच असतात. नमुना फ्रीजमध्ये ठेवला जातो. तो खोलीच्या तापमानाला ठेवून २४ तासांत, फार तर ४८ तासांत तपासायला हवा. गावाकडून कुरिअरने पाठवायचं असेल तर शनिवारी रक्त देऊ नका, सोमवारपर्यंत ते पडून राहील. दुसरी चूक टक्केवारी वाचण्याची: ‘सीडी४ ३५ टक्के’ ऐकायला छान, पण एकूण लिम्फोसाइट्स २०० असतील तर प्रत्यक्ष आकडा ७० येतो. नेहमी प्रत्यक्ष संख्या विचारा. आणि स्टेरॉइडची गोळी घेतल्यानंतर काही तास लिम्फोसाइट्स रक्तातून कमी होतात, म्हणून दर वेळी रक्त शक्यतो सकाळच्या डोसआधी द्या, म्हणजे मागच्या रिपोर्टशी तुलना होईल.

कोणत्या विषाणूंवर नजर ठेवायची?

सीएमव्ही पहिला. भारतात बहुतेक मोठ्यांच्या शरीरात तो आधीपासूनच सुप्त असतो, त्यामुळे धोका बाहेरून कमी आणि आतून जास्त. पहिले १०० दिवस दर आठवड्याला पीसीआर (रक्तातला विषाणू मोजणारी चाचणी) करतात. एकाच लॅबमधून करा, कारण दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आकडा चढू लागला की लक्षणांची वाट न पाहता औषध देतात. गॅन्सिक्लोविरने काउंट पडतात, फोस्कार्नेटने मूत्रपिंडं आणि क्षार बिघडतात, त्यामुळे निवड तोलून करावी लागते. २०१७पासून प्रौढांसाठी लेटरमोविर हे प्रतिबंधक औषध आलं. ते काउंट पाडत नाही. पण ते कांजिण्या, नागीण यांच्यावर चालत नाही, म्हणून त्याच्यासोबत असायक्लोविर चालूच ठेवावं लागतं.

एचएचव्ही-६ हा कॉर्ड ब्लडमध्ये विशेष त्रास देतो. साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रुग्ण नुकतंच बोललेलं विसरतो, तेच तेच विचारतो, गोंधळतो, झटका येतो, रक्तातलं सोडियम उतरतं. घरच्यांना ते ‘औषधांचा थकवा’ वाटतं. तो मेंदूचा दाह असू शकतो. अशी विसराळूपणाची तक्रार त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

ॲडेनोव्हायरस मुलांत जास्त दिसतो: जुलाब, लघवीतून रक्त, यकृताची सूज. सिडोफोविर चालतं, पण मूत्रपिंडांसाठी भरपूर सलाईन आणि प्रोबेनेसिड सोबत लागतं. ईबीव्ही वाढला तर बी-पेशींची गाठ होण्याआधी रिटुक्सिमॅब देतात. त्यानंतर सहा महिने किंवा जास्त काळ बी-पेशी दिसत नाहीत आणि आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली प्रतिपिंडं) लांबतं, हे आधीच गृहीत धरा.

प्रतिबंधक गोळ्या किती दिवस?

कोट्रायमोक्साझोल (न्यूमोसिस्टिसचं प्रतिबंधक औषध) काउंट आल्यावर सुरू होतं आणि किमान सहा महिने, बहुधा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद होऊन सीडी४ २००च्या वर जाईपर्यंत चालतं. त्याने काउंट उतरले तर पेंटामिडिन, अटोव्हाक्वोन किंवा डॅप्सोन असे पर्याय आहेत. डॅप्सोनआधी जी६पीडीची (लाल पेशींतल्या एका एन्झाइमची) तपासणी हवीच, आणि कॉर्ड ब्लड नीट लागल्यावर लाल पेशी दात्याच्या असतात हे लक्षात ठेवून ती नव्याने करा. असायक्लोविर वर्षभर तरी असतं. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडलं की नागीण उठते.

बुरशीवरच्या व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोलमुळे टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी एकदम वाढते. हे औषध सुरू करताना टॅक्रोलिमस साधारण एक-तृतीयांशावर आणावं लागतं आणि थांबवताना पुन्हा वाढवावं लागतं. दुसरा प्रसंग हमखास विसरला जातो. पातळीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. ज्या नळीतून टॅक्रोलिमस चढवलं त्याच नळीतून नमुना घेतला तर आकडा खोटा जास्त येतो. पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य, त्यांच्यानेही पातळी वाढते.

आयव्हीआयजी कधी लागतं?

आयजीजी (रक्तातली मुख्य प्रतिपिंडं) ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल किंवा पुन्हा पुन्हा संसर्ग होत असतील तर. नेहमीचा डोस किलोमागे ४०० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. १५ किलोच्या मुलाला ६ ग्रॅम. सुरुवात अगदी हळू गतीने करतात, कारण थंडी, डोकेदुखी, रक्तदाब उतरणं हे बहुतेक वेळा वेग जास्त झाल्याने होतं.

आयजीजीची तपासणी पुढच्या डोसआधी करा, नाहीतर बाटलीतलं आयजीजीच मोजलं जाईल. याच कारणाने आयव्हीआयजी चालू असताना सीएमव्ही किंवा हिपॅटायटिसच्या प्रतिपिंडांचा ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट भरवशाचा नसतो, तिथे पीसीआर करा. रुग्णाचं स्वतःचं उत्पादन सुरू झालं का, हे आयजीएम आणि आयजीए या प्रतिपिंडांच्या दुसऱ्या प्रकारांवरून कळतं. बाटलीत ते जवळपास नसतात, त्यामुळे ते वाढले तर ते रुग्णाचेच.

लसी पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या का?

हो, सगळ्या. जुन्या लसींची आठवण पुसली गेलेली असते आणि कॉर्ड ब्लडसोबत नवी आठवण येत नाही. न्यूमोकोकल कॉन्जुगेट ३ ते ६ महिन्यांपासून, महिन्याच्या अंतराने तीन डोस. फ्लूचं इंजेक्शन ६ महिन्यांपासून दरवर्षी. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात, हिब, इंजेक्शनचा पोलिओ आणि हिपॅटायटिस बी ६ ते १२ महिन्यांदरम्यान. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत असतात. त्या २४ महिन्यांआधी नाहीत, जीव्हीएचडी असताना नाहीत, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना नाहीत, आणि शेवटच्या आयव्हीआयजीनंतर ८ महिने गेल्याशिवाय नाहीत. बीसीजी मात्र पुन्हा देत नाहीत.

घरात लहान भावंडं आहेत. पोलिओचे डोस पाजायचे का?

आपल्याकडे हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. तोंडावाटे दिलेला पोलिओचा विषाणू जिवंत असतो आणि बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. प्रत्यारोपण झालेलं माणूस घरात असेल तर भावंडांना इंजेक्शनचा पोलिओ द्या आणि पल्स पोलिओच्या दिवशी घरी येणाऱ्या ताईंना कारण सांगा. थेंब आधीच पाजले गेले असतील तर चार ते सहा आठवडे त्या बाळाचं लंगोट बदलणं, शी धुणं रुग्णाने करू नये, आणि बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत. रोटाव्हायरसच्या लसीलाही हाच नियम, चार आठवडे. भावंडांच्या गोवर आणि कांजिण्यांच्या लसी मात्र चुकवू नका, त्या रुग्णाचंच रक्षण करतात. कांजिण्यांच्या लसीनंतर भावंडाला पुरळ उठलं तरच त्याला काही दिवस दूर ठेवा.

जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या ज्या बाळांना जन्मतः बीसीजी टोचलेली असते, त्यांच्यात आणखी एक गोष्ट दिसते. नव्या टी-पेशी येऊ लागल्या की टोचलेली जागा लाल होते, चिघळते, काखेत गाठ येते. प्रतिकारशक्ती जागी होत असल्याचीच ती खूण असते, पण उपचार लागू शकतात. दाखवून घ्या.

रक्त किंवा प्लेटलेट्स दुसऱ्या गावी चढवायची वेळ आली तर?

‘इरॅडिएटेड’ पिशवीच मागा. विकिरण न केलेल्या पिशवीतल्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरात रुजून जीवघेणा जीव्हीएचडी करू शकतात. ही सूचना लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा.

दोन युनिट दिली तर प्रतिकारशक्ती दुप्पट वेगाने येते का?

नाही. काही आठवड्यांत एकच युनिट टिकतं, दुसरं मागे पडतं. मोठ्यांना पेशी पुरत नाहीत म्हणून दोन देतात. मुलांमध्ये एक युनिट पुरेसं असेल तर दोन दिल्याने जगण्याचं प्रमाण वाढत नाही, असं २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसलं. प्रयोगशाळेत पेशी वाढवून देण्याची पद्धत जास्त आशादायक आहे. निकोटिनामाइड वापरून वाढवलेल्या ओमिडुबिसेलला अमेरिकेत एप्रिल २०२३मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत त्याने न्यूट्रोफिल १२ दिवसांत आले, साध्या कॉर्ड ब्लडला २२ दिवस लागले.

गुळवेल, काढे, च्यवनप्राश चालेल का?

नको. ‘इम्युनिटी वाढवणारी’ कोणतीही गोष्ट इथे दोन बाजूंनी धोक्याची आहे: ती यकृताला इजा करू शकते आणि जीव्हीएचडी भडकवू शकते. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्यांमधल्या यकृताच्या इजेची प्रकरणं प्रसिद्ध केली आहेत, आणि ती प्रत्यारोपण न झालेल्या माणसांची होती. थायमसला वेग देणारा काढा कुठेही नाही.

खाण्यात ताजं, शिजवलेलं, गरम. कच्च्या मोडाची उसळ, बाहेरची चटणी, उसाचा रस, पाणीपुरी बंद. कुंड्यांची माती, घरातली तोडफोड, खिडकीतली कबुतरं यांपासून दूर राहा, बुरशी तिथूनच येते.

भारतात कॉर्ड ब्लड प्रत्यारोपण कमी का दिसतं? आणि खासगी बँकेत ठेवलेलं रक्त कामाला येईल का?

अर्ध्या जुळणाऱ्या दात्याकडून, म्हणजे आई-वडील किंवा भावंडाकडून, प्रत्यारोपण करणं आता सोपं आणि स्वस्त झालं आहे. प्रत्यारोपणानंतर दिलेल्या सायक्लोफॉस्फमाइडने ते शक्य केलं. गरज पडल्यास तो दाता पुन्हा पेशी देऊ शकतो, हा मोठा फायदा. स्वतःच्या भविष्यासाठी नाळेचं रक्त साठवण्याला वैज्ञानिक आधार नाही, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. आनुवंशिक आजारात तर बाळाच्या स्वतःच्या रक्तातही तोच दोष असतो. घरात थॅलेसेमियासारखा आजार असलेलं मोठं मूल असेल तर त्याच्यासाठी धाकट्याच्या नाळेचं रक्त जपणं ही वेगळी आणि योग्य गोष्ट आहे.

ताप आला तर घरी काय करायचं?

थर्मामीटर काखेत किंवा तोंडात लावा, गुदमार्गात कधीच नाही. १०१ फॅरनहाइट एकदा, किंवा १००.४ तासभर टिकला, की निघा. आधी क्रोसिन देऊन वाट पाहू नका, ताप लपतो आणि वेळ जातो. जवळच्या दवाखान्यात दंडावर किंवा कमरेवर इंजेक्शन घेऊ नका. इस्पितळात पोहोचल्यावर तासाभरात ब्लड कल्चर होऊन अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, म्हणून कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य ‘प्रत्यारोपणाचा पेशंट आहे, ताप आहे’ हेच बोला. स्टेरॉइड चालू असेल तर ताप न येताही संसर्ग होऊ शकतो. तेव्हा थंडी वाजणं, ग्लानी, श्वास लागणं हेच तापासारखं माना.

शाळेत किंवा कामावर कधी जाता येईल?

नुसते महिने मोजून ठरवू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद किंवा अगदी कमी, जीव्हीएचडी नाही, सीडी४ २००च्या वर (लहान मुलांत वयाला साजेसं) आणि पहिल्या लसी सुरू झालेल्या, असं जुळून आलं की परवानगी मिळते. बहुतेकांना ती वर्षाच्या आसपास मिळते. शाळेत बाईंना एक चिठ्ठी द्या: वर्गात कुणाला कांजिण्या, गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन करावा. कांजिण्यांच्या संपर्कानंतर विशेष प्रतिपिंडांचं इंजेक्शन जितकं लवकर, शक्यतो ९६ तासांच्या आत द्यावं लागतं. ते मिळालं नाही तर असायक्लोविर कसं आणि किती द्यायचं हे डॉक्टर सांगतील.